उठून जाण्याचा धडा

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सर, हजार शब्दांत तुमचा प्रवास लिहा, प्रेरणादायी." मी म्हणालो, तीन हजार, आणि प्रेरणा मिळणार नाही. ते बाराशेवर आले, मी अडीच हजारांवर उतरलो. मग मी म्हणालो, "राहू द्या, दुसरा कोणी बघा," आणि फोन कानापासून लांब नेला. बंद केला नाही, नुसता लांब नेला. आतून आवाज आला, "सर, ऐका तर, दोन हजार करू!" सौदा असा होतो. समोरच्याला हाक मारायला लावायची. आयुष्यभर मी हेच केलं आणि हेच शिकवलं. त्यातून काय झालं ते आता दोन हजारांत सांगतो.

मी परभणीत फ्रेंच शिकवतो. हे सांगितलं की माणसं आधी हसतात, मग विचारतात, "हितं कोण शिकायलंय?" शिकतात. कृषी विद्यापीठातली मुलं शिकतात, जहाजावरच्या हॉटेलात नोकरी मिळवू पाहणारे शिकतात, कॅनडाचं वेड लागलेले शिकतात. बहुतेकांना हवी असते ती पहिल्या पायरीची परीक्षा, जिला सगळे 'ए-वन' म्हणतात. भाषा कुणाला नको असते, कागद हवा असतो. एक आडते मुलाला घेऊन आले होते. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "परीक्षा न देता त्ये सर्टिफिकेट कितीला पडंल?" मी त्यांना जिना दाखवला. रागाच्या भरात त्यांची चप्पलही मीच खाली फेकली, असं लोक सांगतात. तेवढं खोटं आहे. चप्पल त्यांनी स्वतः नेली.

ही परीक्षा चार भागांची. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला पंचवीस गुण, एकूण शंभरात पन्नास पाहिजेत. वाचायला पाटी, पत्र, वेळापत्रक असलं काहीतरी येतं. लिहायला एक अर्ज आणि चार ओळींचं पत्र. या दोन्हींत आमची मुलं मागे पडत नाहीत. उच्चारांचीही भीती नाही. फ्रेंचांचा 'र' घशातून येतो, आणि पुण्याची मुलं तो काढताना गुळण्या केल्यासारख्या करतात. मी माझ्या मुलांना सरळ अत्तरवाल्या चाचांकडे पाठवतो. "चाचांशी पाच मिनिटं बोला, ते गरीब आणि गम हे शब्द कुठून काढतात ते बघा," असं सांगतो. आठवड्यात 'र' जागेवर बसतो. आकड्यांचंही तसंच. फ्रेंच लोक ऐंशीला 'चार विसा' म्हणतात आणि सत्तरला 'साठ आणि दहा'. शहरातली मुलं हे ऐकून डोकं धरतात. आमच्या खेड्यातल्या बाजारात अजूनही विसांनी मोजणारी म्हातारी माणसं आहेत. त्यांच्या नातवंडांना यात नवल वाटत नाही.

अडतं ते ऐकण्यात. माझा वर्ग गादीवाल्याच्या दुकानावर, माडीवर आहे. खाली कापूस पिंजायचं यंत्र चालतं. वर मी फ्रेंच बाईचा आवाज लावतो, "गाडी क्रमांक अमुक, फलाट क्रमांक तमुक," आणि खालून घर्रर्र. गादीवाल्याशी माझी दोनदा मारामारी होता होता राहिली. त्यामुळे माझी मुलं ऐकण्यात कच्ची राहतात आणि ती तूट मी बोलण्यात भरून काढतो. बोलण्याच्या परीक्षेत तीन भाग. आधी स्वतःविषयी सांगायचं, मग चिठ्ठ्यांवरचे शब्द बघून प्रश्न विचारायचे, आणि शेवटी खोटं खोटं दुकान. परीक्षक बाई दुकानदार होतात, टेबलावर फळांची चित्रं आणि कागदाच्या नोटा मांडतात, उमेदवाराने गिऱ्हाईक व्हायचं. हा तिसरा भाग म्हणजे माझं राज्य होतं. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी फ्रेंच कुठल्या शाळेत शिकलो नाही. विशीत घरातून भांडून निघालो आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी चमकणारे दगड विकू लागलो. गारगोटी फोडली की आत स्फटिक निघतात, ते. तिथे बारा वर्षं काढली. इंग्रजी सगळ्यांनाच थोडी थोडी येत होती, म्हणून मी फ्रेंच गिऱ्हाईक धरलं. एक एक शब्द त्यांच्याच तोंडून उचलला. माझा पहिला शब्द 'महाग', दुसरा 'नको', तिसरा 'शेवटचा भाव'. फ्रेंच माणूस भाव करण्यात आपल्यापेक्षा तसूभर कमी नाही, हे मी शपथेवर सांगत असे. सत्तर-सत्तर वर्षांच्या बाया दगड हातात फिरवायच्या, तोंड वाकडं करायच्या, निम्म्याला मागायच्या. मी नाही म्हटलं की उठून चालू लागायच्या. मी सात पावलं मोजायचो. सातव्याला हाक द्यायचो, "मादाम! मादाम!" आणि त्या वळायच्या. वळताना हसू दाबायच्या. ते हसू बघून मला वाटायचं, हे लोक आपलेच आहेत.

पुढे परभणीला परत आलो. रात्रशाळेसारखं घरीच बसून पुस्तकं वाचली आणि पुण्याला जाऊन थेट वरच्या पायरीची परीक्षा दिली. ए-वन मी दिलीच नाही. माझ्या परीक्षेत प्रसंग होता बिघडलेली वस्तू दुकानात परत करण्याचा. मी त्या परीक्षकाशी असा भांडलो की बिचाऱ्याने शेवटी हात जोडले. बोलण्यात पंचवीसपैकी बावीस मिळाले. मग मला कोण काय शिकवणार?

वर्ग काढला आणि खोट्या दुकानासाठी मी खरा बाजार मांडायला लागलो. बाकावर वांगी, लिंबं, मातीच्या पणत्या. मी दुकानदार. मुलांनी फ्रेंचमध्ये भाव करायचा. नियम मी फळ्यावर लिहून ठेवले होते. पहिला भाव ऐकून हसायचं. दुसऱ्याला वस्तूत खोट काढायची. तिसऱ्याला उठायचं, रामराम करायचा आणि चालू लागायचं. पाय उचलायचा तो खरोखर जायचं म्हणून उचलायचा, नाहीतर दुकानदार ओळखतो. आणि सात पावलांच्या आत मागे बघायचं नाही. "उठून जायला जो शिकला त्याला भाषा आली," असं मी म्हणायचो. मुलं परीक्षेत थोडा भाव करायची, परीक्षक बाई हसायच्या, गुण मिळायचे. खरोखर उठून कोणी गेलं नव्हतं. माझी मुलं भित्री होती. खुर्चीला चिकटून भाव करायची. परत आल्यावर मी त्यांना त्यावरून बोलायचो.

मग चार वर्षांपूर्वी शिवकांता आली.

चारठाण्याच्या पलीकडचं गाव. वडील मन्मथअप्पा, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, घरची थोडी शेती आणि आठवडी बाजारात मिरची-हळदीचं दुकान. मुलगी कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. तिला फ्रान्सच्या दक्षिणेत एका मोठ्या फळबागेवर सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळत होतं. निवड झाली होती, पत्र आलं होतं. एकच अट होती, ठरलेल्या तारखेपर्यंत ए-वनचा कागद. आणि त्या तारखेआधी परीक्षा एकदाच होणार होती.

अप्पा खुर्चीवर बसले आणि त्यांनी लगेच सुरुवात केली.

"चार भाग हायत म्हणता मास्तर. पोरगी हुशार हाय, लिहायचं-वाचायचं तिचं ती बघंल. त्ये दोन वगळा अन् फी निम्मी करा."

"अप्पा, मिरची देठासकट तोलता का देठं खुडून?"

"देठासकटच की. देठं खुडून कोण देतंय?"

"मग भाषा पण देठासकटच मिळेल."

अप्पा मांडीवर थाप मारून हसले. मुलीला म्हणाले, "ऱ्हा गं हितंच. मास्तर बाजारातला हाय."

शिवकांता लहानपणापासून अप्पांच्या दुकानावर बसलेली. तिला भाव करायला शिकवावं लागलं नाही, फक्त शब्द द्यावे लागले. पहिल्याच दिवशी तिने माझी वांगी उचलली, देठाजवळ नख लावलं आणि म्हणाली, किडकी आहेत. फ्रेंचमध्ये. 'किडकी' हा शब्द तिने आदल्या रात्री शोधून ठेवला होता. आणि तिसऱ्या भावाला ती अशी उठली की मी दचकलो. चालत जिन्यापर्यंत गेली, दोन पायऱ्या उतरली. मला खरंच वाटलं, गेली. मी हाक मारली. ती वळली आणि तिने हसू दाबलं. अजिंठ्याच्या त्या बायांसारखं, अगदी तसंच. एवढ्या वर्षांत मला पहिली खरी विद्यार्थिनी मिळाली असं मी त्या दिवशी घरी सांगितलं.

ऐकण्यात ती कच्ची होती. यंत्र खाली चालूच होतं. मी म्हणायचो, "काळजी करू नको, तिसऱ्या भागात सगळं वसूल करू."

पुण्याला निघाली त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो होतो. अप्पा डब्यात जागा धरायला चढले होते. ती फलाटावर माझ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एक विचारू का? तिथल्या बाई हाक मारतील ना?"

"म्हणजे?"

"मी उठल्यावर. त्यांचं काय खरं दुकान न्हाई. त्यांना विकायचं कुठं हाय?"

आज वाटतं, एवढा शहाणा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या वेळी माझं डोकं फिरलं. मी चारचौघांत ओरडलो, "बारा वर्षं फ्रेंच गिऱ्हाईक हाताळलंय मी! मला शिकवतेस का तू? मारतील! न मारून जातील कुठं? तू फक्त मागे बघू नकोस!"

ती "बरं सर" म्हणाली आणि गाडीत चढली.

तिसऱ्या दिवशी ती वर्गात आली. बाकावर बसली. काय झालं ते तिने शांतपणे सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच मुलीचं सांगावं तसं.

"सफरचंदं अन् चीज घ्यायचं होतं. बाईंनी भाव सांगितला. मी हसले. निम्म्याला मागितलं. त्या पण हसल्या, तोच भाव परत सांगितला. मी म्हणलं, सफरचंदाला डाग हाय. त्यांनी चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत तोच भाव. मग मी उठले. महाग हाय, नको, येते, असं म्हणलं. दारापर्यंत गेले. दार उघडून बाहेर आले. दार पुरतं लावलं न्हाई सर, फट ठेवली. सात पावलं मोजली."

"मग?"

"मग आणखी तीन मोजली. मागं बघितलं न्हाई. मग दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बोलवायल्यात. मी वळून पुढं झाले. बाईंनी माझ्या खांद्यावरून पलीकडं बघून पुढच्या मुलाचं नाव घेतलं. मला म्हणल्या, तुमचं झालं, तुमी निघू शकता."

निकाल लागला. साडेसत्तेचाळीस. खोट्या दुकानात तिने काही घेतलंच नव्हतं, पैसे दिले नव्हते, किती किलो ते सांगितलं नव्हतं. परीक्षेला जे ऐकायचं होतं ते ती बोललीच नव्हती. अडीच गुण त्या टेबलावर, त्या कागदी नोटांशेजारी पडून राहिले. फळबागेची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

मी दुसऱ्या दिवशी पुणे गाठलं. केंद्राच्या कचेरीत एक बाई होत्या, मराठीच, पांढऱ्या केसांच्या. मी टेबलावर हात आपटून विचारलं की गिऱ्हाईक उठून चाललं तर त्याला हाक मारायची एवढी साधी रीत तुमच्या परीक्षकांना ठाऊक नाही का. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही. त्या म्हणाल्या, "सर, उमेदवार निरोप घेऊन स्वतः बाहेर गेल्या. परीक्षकांनी त्यांना परत बोलावलं तर ती त्यांना केलेली मदत ठरली असती. आणि खरं सांगू? तिकडे फळांच्या दुकानात कोणी घासाघीस करत नाही. पाटीवर भाव असतो. घ्यायचं नाहीतर नाही घ्यायचं."

"बाई, मी बारा वर्षं फ्रेंच माणसांशी घासाघीस केली आहे."

"अजिंठ्याला ना?" त्यांनी विचारलं. माझी सगळी कहाणी मी आधीच ओरडून सांगितली होती. "ते लोक इथं आल्यावर करत होते, सर. इथली पद्धत म्हणून. मजा म्हणून."

मला तेव्हा कळलं की त्या बाया हसू का दाबायच्या.

तरीही मी तिथे एक तास भांडलो. माझा राग आजही गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. परीक्षेचं नाव संभाषण, आणि समोरचं माणूस मधूनच उठून गेलं तर तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही? वही मिटून पुढच्याला आत घेता? एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? मुलगी वळली असती, सफरचंदं घेतली असती, त्यांच्या भावाने घेतली असती. तक्रार लिहून दिली. दोन ओळींचं उत्तर आलं, सभ्य, सही-शिक्क्याचं.

अप्पा एकदा येऊन गेले. ते ओरडतील म्हणून मी तयारीत बसलो होतो. भांडायला माझ्याकडे भरपूर होतं. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, सौदा पोरीनं बराबर केला. बाजार वळखायला तुमी चुकलात." उठले आणि गेले. मी त्यांना हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होतो?

शिवकांताला मी निरोप पाठवला की पुढच्या परीक्षेसाठी फुकट शिकवतो. माझ्या आयुष्यात फुकट हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वापरला. तिचा उलट निरोप आला, "सर, आता कशाला?"

तेव्हापासून मी बाकावर बाजार मांडत नाही. आता माझी मुलं सुप्रभात म्हणतात, एक किलो सफरचंदं द्या म्हणतात, किती झाले विचारतात, कागदी नोटा देतात, आभार मानतात आणि बसून राहतात. सगळी पास होतात. पेपरात त्यांचे फोटो येतात. त्यांतल्या कुणाला मी फ्रान्समध्ये एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत पाठवणार नाही. पण कागद मिळतो. गिऱ्हाईक जे मागतं ते मी देतो. माझ्याइतका चांगला दुकानदार परभणीत दुसरा नसेल.

गेल्या महिन्यात जिंतूरला गेलो होतो. भावाच्या शेतासाठी फवारणीचा पंप घ्यायचा, असं घरी सांगून एसटीत बसलो. पंप परभणीतही मिळतो. जिंतूरला शिवकांताचं दुकान आहे. पदवीवर परवाना काढला आणि बी-बियाणं, खतं, औषधं ठेवते. गर्दी असते म्हणे. मला तिला एक वाक्य सांगायचं होतं, जे मी चार वर्षांत सांगितलं नव्हतं. चूक तुझी नव्हती, माझी होती. वाक्य साधं आहे. एसटीत दोनदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं.

"या सर," ती म्हणाली. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. काउंटरवर दोन शेतकरी होते, दारात आणखी एक. "काय देऊ?"

आणि मी म्हणालो, "पंप दाखव."

तिने पंप काढला. त्यावर भावाची चिठ्ठी होती. मी चिठ्ठी वाचली आणि हसलो.

"हसू नका सर. हितं लिहिलेला भाव हाय, सगळ्यांना एकच."

"पट्टा कच्चा वाटतो याचा."

"न्हाई कच्चा. ओढून बघा."

"निदान मला तरी कमी कर. तुझा मास्तर आहे मी."

"तुमाला कमी केला तर ह्या मामांना काय सांगू?" ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मग राहू दे," मी म्हणालो आणि उठलो.

का उठलो, मला सांगता येणार नाही. मी त्यासाठी गेलो नव्हतो. चाळीस वर्षांची सवय पायांत होती, पाय उठले. काउंटरपासून दारापर्यंत चार पावलं होती. पुढे तीन पायऱ्या. मी मागे बघितलं नाही. शेवटच्या पायरीवर तिचा आवाज आला.

"बोला मामा, तुमाला काय पाहिजे?"

मी आणखी तीन पावलं मोजली.